आंतरजालाच्या उद्योगातील चाकरमानी



'चाकरमानी' हा शब्द आपल्या पेडणे महालात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तेरेखोलच्या अलीकडे काय आणि पलीकडे वेंगुर्ले-सावंतवाडीकडे काय, ज्या घरातले कोणीच चाकरीसाठी मुंबईस गेले नाही असे घर पूर्वी शोधूनच काढावे लागे. कोणी गिरणीत असे, कोणी गोदीत, कोणी बोटीवर. चवथीला, शिगम्याला, नाताळाला तो घरी येई आणि चार दिवस राहून नारळ-कोकमांची गाठोडी बांधून परत जाई. शब्द आजही तोच आहे. चाकरी मात्र पालटली. हरमलच्या शाळेतून गेल्या वीस वर्षांत आमच्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलेमुली आज पुण्यास, बंगळुरास, हैदराबादेस संगणकापुढे बसून पोट भरतात. कोणी बँकांच्या व्यवहारासाठी आज्ञावल्या लिहितो, कोणी विमानाची तिकिटे विकणाऱ्या संकेतस्थळाची देखभाल करते, कोणी रात्रभर जागून सातासमुद्रांपलीकडच्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकतो. ह्या साऱ्यांना मी आजच्या भाषणापुरते 'आंतरजालाच्या उद्योगातील माणसे' असे एकच नाव देणार आहे. त्यातील पोटभेद जाणकारांस ठाऊक आहेत. त्यांनी थोडे सांभाळून घ्यावे.

ह्या उद्योगाच्या चालकांना एका गोष्टीची मोठी चिंता लागून राहिलेली असते. ती ही, की माणसे टिकत नाहीत. आणि जी टिकतात त्यांचे मन कामात नसते. ह्या दोन दुखण्यांवर उपाय सुचविणारे तज्ज्ञ आहेत, त्यांच्या परिषदा भरतात, मोठ्या कंपन्यांतून त्यासाठी स्वतंत्र खाती असतात. माणसे सोडून जाण्याला तेथे 'गळती' म्हणतात. हा शब्द ऐकला की आम्हा शिक्षकांचे कान टवकारतात, कारण तो आमच्याही दप्तरातला आहे. मूल मध्येच शाळा सोडून गेले तर ती गळती. फरक इतकाच, की आमच्याकडे गळती झाली म्हणजे वरिष्ठ येऊन विचारतात, "तुमच्या शाळेत उणे काय होते?" उद्योगात गळती झाली म्हणजे पुष्कळदा विचारले जाते, की ह्या पिढीत उणे काय आहे? ही पिढी चंचल आहे, तिला निष्ठा ठाऊक नाही, चार पैसे अधिक दिसले की ती उठून चालू लागते, असे सांगणारे बरेच भेटतात. मी ह्या प्रश्नाकडे शाळेच्या रीतीने पाहावयाचे ठरविले आहे.

प्रथम थोडे आकडे सांगतो. मार्च २०२२ अखेरच्या बारा महिन्यांत नोकरी सोडून गेलेल्यांचे प्रमाण इन्फोसिसमध्ये शेकडा २७.७ होते, विप्रोमध्ये २३.८ आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये १७.४. इन्फोसिसमध्ये म्हणजे दर चार माणसांमागे एकाहून अधिक माणूस वर्षभरात गेला. एखाद्या शाळेत एवढे शिक्षक एका वर्षात बदलले तर पालक मुलांची नावे काढून नेतील. कारण उघड होते. महासाथीच्या काळात जगभरच्या दुकानांना, पेढ्यांना, शाळांना एकाएकी आंतरजालावर यावयाचे होते. काम फार आणि जाणती माणसे थोडी. एका कंपनीने पगार वाढवून माणूस ओढावा, दुसरीने तिच्या पुढची बोली करावी, अशी ओढाताण सुरू होती. त्या दिवसांत माणसे टिकवण्याविषयी जितके बोलले गेले तितके क्वचितच बोलले गेले असेल.

पुढे काय झाले? मार्च २०२४ मध्ये इन्फोसिसचे हेच प्रमाण शेकडा १२.६ वर आले. दोन वर्षांत निम्म्याहून खाली! आता ह्या दोन वर्षांत माणसांना धन्याचा एकाएकी लळा लागला, असे मानावे काय? तसे काहीच झाले नव्हते. परदेशातील कामे आटली, नवी भरती मंदावली, बाहेरची दारे मिटली. म्हणून आतली माणसे आत राहिली. कोंडवाड्यातली गुरे पळत नाहीत, ह्यावरून त्यांना कोंडवाडा आवडतो असे कोणी म्हणत नाही. गळतीचा आकडा बाजारातली किती दारे उघडी आहेत तेवढेच बहुधा सांगतो. माणसाचे मन कोठे आहे ते सांगत नाही. आणि दारे मिटल्यावर माणसे टिकवण्याची भाषाही हळूहळू मावळली. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळाच्या सुमारे शेकडा दोन, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. व्यवसायाची गणिते पालटली की असे निर्णय घ्यावे लागतात, हे मला कळते. परंतु ज्याला तीन वर्षांपूर्वी 'तू आमच्या कुटुंबातला' असे सांगितले गेले होते, त्याच्या मनात 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आली तर त्याला दोष कसा द्यावा?

दुखणे नवे आहे असे मात्र समजू नये. अमेरिकेत हेन्री फोर्ड ह्यांच्या मोटारींच्या कारखान्यात १९१३ साली गळतीचे प्रमाण शेकडा ३७० होते. शंभर जागा भरलेल्या राहाव्यात म्हणून वर्षभरात तीनशे सत्तर माणसे घ्यावी लागत. सरकत्या पट्ट्यापुढे उभे राहून दिवसभर एकच खिळी पिळणे माणसांना सोसत नव्हते. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड ह्यांनी आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलर, म्हणजे पूर्वीच्या दुपटीहून अधिक मजुरी जाहीर केली आणि गळती झपाट्याने उतरली. पैशाने माणसे टिकतात हे त्यातून दिसले, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या पाच डॉलरांना एक शेपूट होते. मजूर घरी कसा राहतो, दारू पितो काय, पैसा साठवतो काय, हे पाहण्यासाठी फोर्ड ह्यांनी एक खातेच उघडले होते आणि त्याचे अधिकारी घरोघर जात. आज घरी बसून काम करणाऱ्याच्या संगणकावर त्याची बोटे किती वेळा हलली हे मोजणारी यंत्रणा काही ठिकाणी बसवतात. ते अधिकारी निदान दार ठोठावून येत असत.

आपल्याकडची गोष्ट मुंबईच्या गिरण्यांची. कोकणातला गिरणीकामगार भातकापणीला गावी जाई, त्यामुळे साचे अडून राहू नयेत म्हणून गिरण्यांनी 'बदली' कामगार ठेवले. बदलीवाला रोज पहाटे गिरणीच्या दारात उभा राही. आत कोणी गैरहजर असेल तर त्याला काम. नसेल तर तो हात हलवीत खोलीवर परत. आमच्या ख्रिस्ती समाजातील तारवटींची, म्हणजे बोटीवरच्या नोकरांची, अवस्था ह्याहून फारशी निराळी नव्हती. मुंबईत धोबीतलावाच्या बाजूस गावोगावच्या गोमंतकीयांनी 'कुडी' स्थापन केल्या. काही अजूनही आहेत. एक बोट सुटली आणि दुसरी मिळावयाची आहे, अशा मधल्या रिकाम्या दिवसांत गावच्या कुडीत पेटी ठेवावी, जमिनीवर पथारी टाकावी आणि वाट पाहावी. त्या वाट पाहण्याचे पैसे कोणी देत नसे. रिकाम्या दिवसाचा भार गिरणीने उचलला नाही, बोटीच्या कंपनीने उचलला नाही. तो उचलला बदलीवाल्याने, तारवटीने आणि त्याच्या गावाने.

आंतरजालाच्या उद्योगाने येथे खरोखर एक नवी रीत आणली. तेथे 'बेंच' नावाची व्यवस्था आहे. आम्हा शिक्षकांपुढे बाक म्हटले म्हणजे त्यावर उभा केलेला विद्यार्थी येतो, पण ही गोष्ट वेगळी. एक काम संपले आणि दुसरे अजून हाती आले नाही, अशा वेळी माणूस ह्या बाकावर बसतो; त्याचा पगार चालू राहतो आणि त्याने त्या अवधीत काही नवे शिकावे अशी अपेक्षा असते. रिकाम्या दिवसाचा भार धन्याने घेतला! माझ्या मते ह्या उद्योगाने माणसांना दिलेल्या सर्व सुखसोयींत हीच सर्वांत मोलाची होती, जरी जाहिरातींतून तिचे नाव कोणी घेत नसे. जून २०२५ पासून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने वर्षातून फार तर पस्तीस दिवसच ह्या बाकावर बसता येईल असा नियम केला. तो आकडा वाचताना मला गिरणीचे दार आठवले.

माणसे टिकवण्याचे रूढ उपाय दोन जातींचे आहेत: बांधण्याचे आणि भुलवण्याचे.

बांधण्याच्या उपायांत पहिला मान करारपत्राचा. इतकी वर्षे राहीन, न राहिल्यास इतके रुपये भरीन. दुसरा पूर्वसूचनेचा, आपल्या देशातील ह्या उद्योगात ती बहुधा नव्वद दिवसांची असते. तीन महिने आधी कळवल्याखेरीज जाता येत नाही. ह्याचा परिणाम मोठा गमतीचा झाला. एवढा मोठा अवधी हाती आल्यावर तरुण त्या तीन महिन्यांत आणखी दोन ठिकाणी मुलाखती देऊ लागले, एकाची बोली दुसऱ्याला दाखवू लागले, आणि जेथे जाण्याचे कबूल केले होते तेथे ऐनवेळी गेलेच नाहीत. एकाने माणूस बांधण्यासाठी वळलेली दोरी दुसऱ्याच्या पायात अडकली. तिसरा उपाय असा, की येथून गेल्यावर अमुक प्रतिस्पर्ध्याकडे काही महिने जावयाचे नाही. इन्फोसिसच्या अशा कलमाविरुद्ध पुण्यातील 'नाइट्स' ह्या कर्मचारी-संघटनेने एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली होती.

ह्याबाबत कायदा काय म्हणतो ते आईबापांनी समजून घेण्यासारखे आहे, कारण सही मुलगा करतो आणि झोप बापाची उडते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २७ वे कलम असे, की कोणास कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक असतो. त्यामुळे नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे जाऊ नको म्हणणारी कलमे न्यायालयात सहसा टिकत नाहीत. पण नोकरीत असतानाच्या बंधनाची गोष्ट निराळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका प्रकरणात, तीन वर्षे पुरी होण्यापूर्वी राजीनामा दिल्यास दोन लाख रुपये भरावेत ही अट ग्राह्य ठरवली. तेव्हा सर्वच करारपत्रे पोकळ असतात, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. कागद वाचून मग सही करावी. एवढे सांगून मी हेही म्हणेन, की दोन लाखांच्या भीतीने जो खुर्चीवर बसून आहे त्याला 'टिकवला' म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे.

भुलवण्याचे उपाय अधिक मनोहर. फुकट जेवण, खेळाच्या खोल्या, वाढदिवसाचे केक, रुजू होताना हातावर ठेवलेली रक्कम. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली आपल्या सहकाऱ्यांसह एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पिट्सबर्गच्या परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस ह्यांना त्यांनी विचारले होते, की कामात फार समाधान वाटले ते केव्हा, आणि फार वैताग आला तो केव्हा? उत्तरांतून दिसले, की दोहोंची कारणे एकच नव्हती. पगार, कचेरीची व्यवस्था, वरिष्ठांची देखरेख ह्यांत खोट असली तर माणूस वैतागतो. पण ती खोट काढून टाकली म्हणून तो आनंदाने कामाला लागतोच असे नाही. आनंद येतो तो काम तडीस गेल्याचा, कोणी त्याची दखल घेतल्याचा, जबाबदारी मिळाल्याचा. पुढे ह्या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली, पण शाळेत मला त्याचा पडताळा रोज येतो. गळके छप्पर दुरुस्त केले की मुले भिजत नाहीत. ती शिकू लागतात ती वेगळ्या कारणाने.

भुलवण्याच्या उपायांतला एक मात्र गंभीर आहे, तो कंपनीच्या भागांचा. १९८१ साली पुण्यात जन्मलेल्या आणि पुढे बंगळुरास गेलेल्या इन्फोसिसने १९९४ मध्ये कर्मचाऱ्यांना भाग देण्याची योजना काढली. त्या काळी आपल्या देशात ही गोष्ट नवलाची होती, आणि तिच्यामुळे पुष्कळ पगारदारांची घरे उभी राहिली. आता लहानमोठ्या नव्या कंपन्या पगाराच्या जोडीला भाग देऊ करतात. ह्यात पाश्चात्त्य बुद्धीचा काही फार मोठा शोध आहे असे आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना वाटण्याचे कारण नाही. आमच्या रापणीत वेगळे काय होते? होडी जाळे टाकून येई, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसे ओढीत, आणि मासळी वाळूवर आली की वाटे पडत. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. ट्रॉलर आल्यापासून रापण उणावली, पण त्या वाटपाची रीत अजून जुन्या माणसांच्या ध्यानात आहे. तिचे मर्म दोन गोष्टींत होते. एक, वाटा डोळ्यांदेखत पडे. दुसरी, जाळे रिकामे आले तर ते सर्वांचेच रिकामे येई, जाळ्याच्या धन्याचेही. नव्या कंपन्यांच्या भागांत ही दोन्ही लक्षणे आहेत काय ते पाहावे. भाग बहुधा चार वर्षांत थोडेथोडे पदरात पडतात, पहिल्या वर्षाच्या आत निघाले तर हाती काही येत नाही, आणि कंपनी शेअरबाजारात गेली नाही तर त्या कागदाचे पैसे कसे करावयाचे हाच प्रश्न असतो. जाळे रिकामे आले की प्रथम दोर ओढणाऱ्यांना घरी पाठवतात. अशा भागांना पगार समजून कोणी घराचे कर्ज काढू नये.

आता मनाच्या गोष्टीकडे वळतो. विल्यम कान ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९९० साली एक निबंध प्रसिद्ध केला, आणि आज माणसाचे कामात मन गुंतण्याविषयी जी चर्चा चालते तिचा उगम बहुतेक त्या निबंधात दाखवतात. गंमत अशी, की त्याने पाहिलेली माणसे होती मुलांच्या उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका वास्तुशिल्पाच्या कचेरीतले नोकर. आंतरजालाचा उद्योग तेव्हा जन्मालाही आला नव्हता. कानच्या मते माणूस कामात जीव ओतताना नकळत तीन गोष्टी मनाशी पाहतो. ह्या कामाला काही अर्थ आहे काय? येथे मी मोकळेपणाने बोललो, चुकलो, तर मला धोका तर नाही? आणि एवढे देण्याजोगी शक्ती आज माझ्यापाशी उरली आहे काय? ह्यांतील तिसरा प्रश्न आपले लोक फार विसरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती ह्यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे सुचविले आणि देशभर वाद माजला. मूर्तींच्या स्वतःच्या कष्टांविषयी मला आदर आहे. परंतु जो आपल्या कंपनीसाठी सत्तर तास खपतो आणि जो दुसऱ्याच्या कंपनीसाठी खपतो, त्यांची थकण्याची जात एक नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकाच माणसाच्या हाती असते, ते म्हणजे लगतचा वरिष्ठ. गूगल कंपनीत २००२ च्या सुमारास मधले अधिकारी नसले तर काय बिघडेल, असे म्हणून एक प्रयोग झाला. तो काही महिन्यांतच आवरावा लागला. पुढे २००८ पासून त्याच कंपनीने आपल्याकडील चांगले अधिकारी कशामुळे चांगले ठरतात ह्याची पद्धतशीर पाहणी केली. आठ गुण निघाले. पहिला, तो हाताखालच्यांना चांगले शिकवतो. यंत्रविद्येतले कौशल्य आठव्या क्रमांकावर! ज्या कंपनीने जगभरचे बुद्धिमान अभियंते गोळा केले तिला शेवटी चांगला मास्तर हवा होता, ह्याचा आमच्या जातीला थोडा आनंद वाटला तर क्षमा असावी.

जोडधंद्याचा वादही असाच. ऑगस्ट २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी ह्यांनी एका वेळी दोन कंपन्यांचे काम करणे ही सरळसरळ फसवणूक आहे असे म्हटले, आणि पुढच्याच महिन्यात अशी तीनशे माणसे कंपनीतून काढल्याचे सांगितले. त्याच सुमारास स्विगीने आपल्या नोकरांना काही अटींवर जोडकामाची मुभा दिली. आम्हा शिक्षकांना शिकवण्यांचा वाद पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे, म्हणून मी कोणाची बाजू घेत नाही. प्रतिस्पर्ध्याला गुपचूप काम करून देणे वाईटच. तथापि दिवसभर आपल्या कचेरीत जो जांभया देतो तोच रात्री दुसऱ्याच्या कामात तल्लीन होतो, हे धन्याला कळल्यावर त्याच्या मनात रागाच्या आधी दुसरा एखादा प्रश्न यावयास हवा होता.

हरमलचा आणि ह्या उद्योगाचा निकट संबंध आला तो २०२० च्या टाळेबंदीत. एरवी चवथीला येणारे चाकरमानी मार्चमध्येच आले आणि दोन-दोन वर्षे राहिले. पडवीत टेबल, माजघरात टेबल. वीज गेली की सारे वाडे ओस पडल्यासारखे बाहेर येत आणि आकाशाकडे पाहत. ह्याच काळात दिल्ली-मुंबईचे तरुण हरमल, मांद्रे, मोरजी येथे खोल्या घेऊन संगणकावर काम करू लागले. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली, आणि ही वर्दळ आणखी वाढली. नेमक्या त्याच सुमारास आमच्या मुलांना कचेरीत परत येण्याचे हुकूम सुटू लागले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कचेरीचे केले. इतरांनी कमीअधिक तसेच केले. दिल्लीचा तरुण हरमलात बसून परक्या देशातील कंपनीचे काम करतो आणि हरमलची मुलगी तेच काम करण्यासाठी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहते, असा विपर्यास आम्ही पाहिला.

घरून काम केल्याने कंपनीचे नुकसान होते काय, ह्यावर तावातावाने बोलणारे पुष्कळ आहेत. मोजून पाहणारे थोडे. चीनमधील सीट्रिप, आताची ट्रिप डॉट कॉम, ही आंतरजालावरून प्रवासाची व राहण्याची सोय विकणारी मोठी कंपनी. तिचे एक संस्थापक जेम्स लियांग स्वतः अर्थशास्त्री आहेत. स्टॅनफर्डचे प्राध्यापक निकोलस ब्लूम ह्यांच्यासह त्यांनी २०१०-११ मध्ये शांघायच्या दूरध्वनी-केंद्रातील २४९ माणसांवर प्रयोग केला. निम्म्यांनी आठवड्यातले चार दिवस घरून काम केले. त्यांचे काम शेकडा तेरा वाढले आणि गळती निम्म्यावर आली. तथापि प्रयोग संपल्यावर घरी बसणाऱ्यांतील निम्म्यांनी पुन्हा कचेरी मागितली. एकटेपणा त्यांना सोसवत नव्हता. शिवाय काम चांगले असूनही बढतीच्या वेळी घरी बसणारे मागे पडत होते. दुसरा प्रयोग २०२१-२२ चा, १,६१२ पदवीधर नोकरांवरचा. जन्मतारीख विषम असणाऱ्यांनी बुधवारी व शुक्रवारी घरून काम करावे, सम असणाऱ्यांनी पाचही दिवस कचेरीत यावे. ह्याचा निष्कर्ष २०२४ मध्ये 'नेचर' ह्या नियतकालिकात आला. कामाच्या दर्जात व बढतीत काही फरक पडला नाही. राजीनामे मात्र एकतृतीयांशाने घटले. विशेषतः स्त्रियांचे आणि लांबून येणाऱ्यांचे. प्रयोगापूर्वी अधिकाऱ्यांना वाटत होते, की उत्पादन घटेल; प्रयोगानंतर त्यांचेच मत पालटले. ह्या उपायाला कंपनीचा एक पैसाही फारसा लागला नाही. लागला तो विश्वास. आणि तो अनेकांना पैशाहून महाग वाटतो, कारण उंटावरून शेळ्या हाकण्याची ज्यांना सवय, त्यांना शेळ्या नजरेपुढेच लागतात.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. तिचे किंवा तिच्या कंपनीचे नाव येथे आवश्यक नाही. सहा वर्षे ती एकाच कंपनीत होती. दोन वर्षे हरमलच्या घरातून तिने काम केले, त्यात वडिलांना अर्धांगवायू झाला. परत येण्याचा हुकूम आला तेव्हा तिने महिन्यातून दोन आठवडे घरून काम करू द्यावे अशी विनंती केली. वरिष्ठ चांगला होता, पण नियम त्याच्या हातचा नव्हता. तिने राजीनामा दिला आणि कमी पगारावर एका लहान पेढीचे काम घेतले, ते घरून करता येते म्हणून. पुढे कित्येक महिने जुन्या कंपनीतली माणसे तिला दूरध्वनी करून विचारीत, की अमुक भाग कसा चालतो? ती सांगत असे. तिच्या आईने एकदा मला विचारले, "मास्तर, हिच्यावाचून त्यांचे अडते तर हिला जाऊ का दिले?" ह्या प्रश्नाचे उत्तर मला परिषदांच्या अहवालांत सापडलेले नाही.

ह्या उद्योगात आणखी एक वर्ग आहे, ज्याला टिकवण्याची चिंता कोणी करीत नाही. म्हापशाच्या रस्त्याने दुचाकीवरून जेवणाचे डबे पोहोचवणारी मुले. त्यांना कंपनी नोकर म्हणत नाही, 'भागीदार' म्हणते. पण हा भागीदार रापणीतला नव्हे. मागणी येईपर्यंत झाडाखाली जो अर्धा तास जातो तो सर्वस्वी त्याचा, पावसात घसरून पडला तर तो दिवसही त्याचा. बदलीवाल्याने गिरणीच्या दारात जे भोगले तेच हा भ्रमणध्वनीच्या पडद्यापुढे भोगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची प्रथमच दखल घेतली आहे आणि कंपन्यांनी त्यांच्यासाठी निधी द्यावा अशी तरतूद आहे. अंमल कसा होतो ते पाहावयाचे.

आमच्याकडून शिकून गेलेली मुले पहिल्या मुलाखतीला निघताना भेटावयास येतात. पूर्वी मी त्यांना नीट बोला, वेळेवर पोहोचा, एवढेच सांगत असे. अलीकडे आणखी एक गोष्ट सांगतो. त्यांनी पगार विचारून झाला, की विचारावे, "आपण मला ज्या गटात घेणार, त्यातून गेल्या वर्षी किती जण गेले आणि का गेले?" आईबापांना हे धाडस वाटते, असे विचारले तर मिळत असलेली नोकरी जाईल, अशी त्यांना धास्ती असते. गेल्या पावसाळ्यात एका मुलाने ते विचारले. मुलाखत घेणारे गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पाचांतले दोन गेले. एकीचे लग्न ठरले म्हणून, आणि एक माझ्यामुळे. मी तेव्हा फार ओरडत असे." मुलाच्या हाती त्या वेळी दुसऱ्या एका कंपनीचे अधिक पगाराचे पत्र होते. तो ह्या गृहस्थांकडे रुजू झाला.